आपानं वाचलेला शेवट

चूक माझी होती, पण ती घडली माझ्या लेकीच्या तोंडून, भर वर्गात.

सना नववीत आहे. शाळेत प्रत्येकानं एका कादंबरीवर बोलायचं ठरलं होतं. तिनं वाचनालयातून एक पुस्तक आणलं. मी सहज पहिलं पान उघडलं आणि खुर्चीतून उठलोच. नदीकाठचं गाव, नावाड्याची पोर चंद्री, आणि पलीकडच्या काठावर शाळा. ‘अगं, ही तर आमची होडीवाली!’ मी ओरडलो. सनाचं पुस्तक अर्धंच झालं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञानाची चाचणी होती. मी म्हटलं, पुढचं मी सांगतो, तू कायले डोळे फोडते. मग पलंगावर उभा राहून, हातात झारा घेऊन, मी तिला शेवट करून दाखवला. झारा म्हणजे वल्हं. चंद्रीचा बाप तिला होडीत बसवून पलीकडे नेतो आणि म्हणतो, ‘उतर. परत येशील तेव्हा हाक मार, मी इथंच आहे.’ हे म्हणताना माझा आवाज भरून आला. तो दर वेळी याच ठिकाणी भरतो. आमच्या खानदानातल्या लग्नात, बारशात हा शेवट मी इतक्यांदा सांगितलाय, की काही नातेवाईक मला वल्हं मारायला लागलेलं पाहिलं की पाणी प्यायला उठतात.

सनानं वर्गात तो तसाच सांगितला. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘बेटा, असा शेवट या पुस्तकात नाहीये.’ मुलं हसली. पोर घरी आली ती दप्तर आपटतच.

‘अब्बू, तुम्ही ही किताब वाचली तरी हाय का?’

‘वाचली म्हणजे...’ मी म्हटलं, ‘आयकली हाय.’

‘मंग तसं सांगाचं ना!’

मी प्रकाशकावर संशय घेतला. नव्या आवृत्तीत बदलला असेल म्हटलं. माझी बायको नसीम कणीक मळत होती. ती म्हणाली, ‘रोज तुमची कुरकुर आयकत बसण्यापेक्षा एकदा वाचूनच टाका.’

रविवारी सकाळी मी चश्मा पुसला आणि त्या कादंबरीपुढे आयुष्यात पहिल्यांदा, एकटा, वाचायला बसलो.

*

आम्ही पिंजारी. यवतमाळजवळच्या नेरला, बाजाराच्या रस्त्यावर आमचं घर, आणि घराच्या पुढच्या पडवीतच अब्बांचं दुकान. आढ्याच्या बांबूला दोरीनं लटकलेलं पिंजण, म्हणजे रुई पिंजायचं धनुष्य, माणसापेक्षा लांब. त्याला ताणून बांधलेली तात, आतड्याची दोरी. अब्बा डाव्या हातानं पिंजण धरायचे आणि उजव्या हातातल्या लाकडी ठोकळ्यानं तातीवर ठोका द्यायचे. धुन्न... धुन्न... धुन्न. त्या आवाजाचं आज काय वर्णन करावं? एखादं वाद्य म्हणावं तर त्यात एकच सूर होता, आणि तो सूर आमच्या छातीत दिवसभर राहायचा. मी तर त्यावर पाढे पाठ केले. सतराचा पाढा मला आजही पिंजणाच्या ठोक्याशिवाय येत नाही, आणि ठोका तर राहिला नाही, म्हणजे पाढाही गेलाच.

तातीला लागून रुई उडायची. आधी गाठोड्यासारखी दबलेली, मग हळूहळू सैल होत, फुगत, पडवीभर तरंगणारी. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. अम्मी म्हातारी, आपा म्हातारी, मी प्राथमिक शाळेतला म्हातारा. गिऱ्हाईक यायचं आणि आम्हाला बघून म्हणायचं, ‘काय चाचा, सगळं घरदार एकदमच पिकलं!’

नव्या रुईला सरकीच्या तेलाचा कोवळा वास. नव्या खोळीला खळीचा वास. पण जुन्या गाद्या पिंजायला आल्या की गावच पडवीत येऊन पडायचं. कुणाच्या गादीला बामाचा वास, कुणाच्या लेकराच्या मुताचा, कुणाच्या बदाम तेलाचा. गावातल्या भल्याभल्यांच्या गादीत काय निघतं हे आम्हाला माहीत होतं. केसांचे आकडे, बटणं, तान्ह्या पोराच्या पायातला वाळा, एकदा अर्धी कवळी. अब्बांचा दंडक होता की, निघालेली वस्तू घरपोच द्यायची आणि वास पडवीच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही.

होडीवाली अशीच आली. कुणाच्यातरी जुन्या रजयांच्या गाठोड्यात. पुठ्ठा फाटलेला, नाव गेलेलं, म्हणून आम्ही तिला होडीवालीच म्हणायचो; आत मात्र सगळी पानं शाबूत. अब्बा परत द्यायला गेले तर घरधनी म्हणाला, ‘राहू द्या, आमच्याकडं कोन वाचते?’ अब्बा परत आले. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. सापडलेली वस्तू घरात ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. शेवटी त्यांनी ते आपाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, ‘तू वाच. आम्हालेही आयकव.’

आपा, माझी मोठी बहीण, तेव्हा बारावीला होती.

तिची वाचायची जागा म्हणजे उंबरठा. उजेड तिथं चांगला पडायचा, आणि आवाज दोन्हीकडे जायचा. आत अम्मी दाभणानं गादीला टाके घालत बसलेली, बाहेर अब्बा. मी कुठंही, बहुतेक नको तिथं, रुईच्या ढिगावर. दुपार कलली, कॉलेजातून आली, दोन घास खाल्ले की आपा उंबरठ्यावर. घरात आमचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. पुस्तकातली मराठी अम्मीला जड जायची. म्हणून आपा एक ओळ मनात वाचायची आणि आमच्या बोलीत सांगायची. तिचे ओठ आधी नुसते हलत, मग आवाज येई. त्या मधल्या क्षणात आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत असू.

आणि अब्बांचं पिंजण. गोष्ट साधी चालली असेल तर धुन्न, धुन्न चालू. चंद्रीच्या होडीत पाणी शिरायला लागलं की ठोके लांब लांब पडायचे. आणि एखाद्या ठिकाणी तात एकदम गप्प व्हायची. त्यांनी मान वर केलेली नसायची, ठोकळा हवेत धरलेला असायचा. पिंजण थांबलं म्हणजे अब्बा ऐकताहेत. ते कधी ‘मस्त’ म्हणाले नाहीत, ‘पुढं वाच’ म्हणाले नाहीत. पण ती शांतता मिळाली की आपाच्या पाठीचा कणा थोडा ताठ व्हायचा.

*

त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. शेत आमच्याकडे नव्हतं, त्यामुळे कशानं काय झालं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता कळून उपयोग नाही. आमच्यापर्यंत जे यायचं ते असं: दिवाळीनंतर बाजाराच्या रस्त्यानं ज्या गाड्या कापसानं फुगून जायच्या, त्या अर्ध्या भरलेल्या जायला लागल्या. रस्त्याकडेच्या बाभळींना दरवर्षी कापसाचे पुंजके अडकायचे, पोरं ते काढून दाढीमिशा लावायची. त्या हिवाळ्यात बाभळी उघड्याच. बाजारात माणसं बोंडअळीचं नाव असं घ्यायची, जसं घरातल्या वाईट वागणाऱ्या माणसाचं घेतात, हळू आवाजात.

आणि लग्नं थांबली. आमच्याकडे लेकीच्या लग्नात गाद्या, रजया, उशा द्यायची रीत. दसऱ्याला सांगून जायचं, माघात न्यायचं. त्या वर्षी सांगून गेलेले फिरकलेच नाहीत. एक पूर्ण जोड तयार होऊन कोपऱ्यात उभी होती. लाल साटीनची रजई, तिच्यावर अम्मीनं घातलेली वेलबुट्टी, चार उशा. कुण्या मुलीसाठी होती, तिचं काय झालं, अब्बांनी विचारलं नाही. त्या जोडीवर अम्मीनं जुनी चादर टाकली होती. मी त्या चादरीखाली शिरून झोपायचो. साटीन गालाला थंड लागायचं आणि थोड्या वेळानं ऊब देऊ लागायचं.

घरात एकच गोष्ट अडून होती. बारावीनंतर आपा यवतमाळच्या कॉलेजात जाणार की नाही. तिथं मुलींचं होस्टेल होतं. तिच्या वर्गातल्या एकीचं जायचं ठरलं होतं. हा विषय कुणी काढत नसे. तो गाद्यांच्या जोडीसारखा कोपऱ्यात चादरीखाली उभा असायचा, आणि सगळे त्याला वळसा घालून जात.

*

रविवारी सकाळी वाचताना पहिली गोष्ट कळली ती ही, की कादंबरीत पिंजारी नाही.

मी तर खात्रीनं म्हणत होतो की आहे. चंद्रीच्या गावात दर हिवाळ्यात होडीतून एक पिंजारी यायचा, खांद्यावर पिंजण, मोठ्या इमानाचा माणूस. गादीत सापडलेली सोन्याची नथ तो परत करतो, तो प्रसंग माझ्या लाडाचा. मी पानं मागे उलटली, पुढे उलटली. कोळी होते, वाणी होता, एक लबाड तलाठी होता. पिंजारी कुठेच नाही. मला हसू आलं. आपानं अब्बांना खूश करायला घातला असणार! त्या दिवशी अब्बा जेवताना म्हणाले होते, ‘लिहिणारा जानकार मानूस हाय.’

मग कळलं, चंद्री अंबाडीची भाजी आणि भाकर खात नाही. भात आणि मासे खाते. अम्मीला माशाचा वास सोसत नव्हता म्हणून आपानं पूर्ण गावाचं जेवण बदललं होतं. अजून हसलो. नसीमला हाक मारून सांगितलं. तीही हसली.

चंद्रीची आई पुस्तकात पहिल्याच प्रकरणात मरते. आमच्या उंबरठ्यावर ती शेवटपर्यंत जिवंत होती. नवऱ्याशी भांडत होती, टोमणे मारत होती, आणि एकदा तर म्हणाली होती, ‘पोरगी शिकली तं काय नदी आटनार हाय?’ हे वाक्य अम्मीला इतकं आवडलं होतं की ती दाभण ओवता ओवता ते स्वतःशी म्हणायची.

इथं माझं हसू थोडं मंदावलं.

दुपारी शेवटच्या प्रकरणाला आलो. पुस्तकात बाप काही म्हणत नाही. बाप आजारी पडतो. वल्ही चंद्रीच्या हातात येतात. रोज सकाळी ती गावातल्या दुसऱ्या मुलींना पलीकडे शाळेत सोडते, आणि रिकामी होडी घेऊन परत येते. शेवटची ओळ त्या रिकाम्या होडीची आहे. लिहिणाऱ्यानं फार सुंदर लिहिलंय. मी पुस्तक पालथं ठेवलं आणि बराच वेळ खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघत बसलो.

कारण आता मला ती दुपार दिसत होती, आणि पहिल्यांदाच नीट दिसत होती.

हिवाळा सरत आलेला. ऊन पडवीत तिरपं आलेलं आणि त्यात रुईचे कण. आपाचे ओठ नेहमीपेक्षा जास्त वेळ नुसते हलत राहिले. अम्मी म्हणाली, ‘वाच ना, अडकली काहून?’ मग आपानं सांगितलं. होडी काठाला लागली. बापानं वल्हं आडवं ठेवलं. म्हणाला, उतर. परत येशील तेव्हा हाक मार, मी इथंच आहे.

पिंजण थांबलेलं होतं. किती वेळ थांबलं होतं, सांगता येणार नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची साखळी वाजलेली मला ऐकू आली. एरवी त्या पडवीत सायकलीची साखळी कुणाला ऐकू येते?

आपा अब्बांकडे बघत नव्हती. पुस्तकाकडे बघत होती. तिनं पान उलटलं नाही. उलटायला पान उरलंच नव्हतं.

मग अब्बा म्हणाले, ‘नावाड्याचं बरं हाय बाप्पा. नदीले बोंडअळी लागत नाही.’

आम्ही सगळे हसलो. अम्मी हसली, मी तर ढिगावरून गडगडत खाली आलो. आपाही हसली. अब्बांचे विनोद क्वचितच असायचे, त्यामुळे तो आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं चालला. पावसाळ्यात काम नसलं की म्हणायचं, नदीले बोंडअळी लागत नाही. तात पुन्हा वाजायला लागली. धुन्न, धुन्न.

मे महिन्यात आपाचं लग्न झालं, पांढरकवड्याला. मुलगा हायवेवरच्या गॅरेजात मेकॅनिक, निर्व्यसनी, चांगला. कोपऱ्यातल्या जोडीवरची चादर काढली गेली. लाल रजई, वेलबुट्टी, चार उशा, कुण्या दुसरीच्या नावानं शिवलेल्या, ट्रकच्या मागं आपाबरोबर गेल्या. मला तेव्हा दुःख झालं ते झोपायची जागा गेल्याचं. पुस्तकही कुठं गेलं कळलं नाही. पुढं गावात पिंजायचं यंत्र आलं, मग फोमच्या गाद्या आल्या, मग अब्बा गेले. आज आमच्या पडवीत मोबाइलचं दुकान आहे. मी शिकलो, यवतमाळला सरकारी नोकरीत लागलो. पिंजाऱ्याचा पोरगा फोमवर झोपतो आणि पाठ दुखते म्हणून डॉक्टरकडे जातो.

*

पुढच्या सुट्टीला मी पुस्तक पिशवीत घालून पांढरकवड्याची एसटी धरली.

आपा ओट्यावर मेथी निवडत होती. ‘आज काहून आला? कोनी मेलं का?’ हे तिचं स्वागत. मग पाणी, मग गुडघ्यांची चौकशी, तिच्या आणि माझ्या. मी पुस्तक काढलं. तिनं हात ओढणीला पुसले, पुस्तक नाकाशी नेलं.

‘नवं हाय,’ ती म्हणाली. ‘आपल्यावाल्याले तं रुईचा नरम वास होता.’

‘कोनतं ते ओळखलं?’

‘येडा हाय का तू?’

तिनं पहिलं पान उघडलंच नाही. चश्मा शोधला, सरळ शेवट काढला. ओठ हलायला लागले, नुसतेच, आवाजाविना. मी ते ओठ इतक्या वर्षांनी बघत होतो. आता ती आमच्या बोलीत काहीतरी सांगेल असं वाटून मी खरोखरच थोडा पुढे सरकलो.

‘हो,’ ती म्हणाली. ‘हाच शेवट.’

‘म्हंजे तुले माहीत होतं?’

‘मीच तं वाचून राह्यलती. मले माहीत नाही राहीन तं कोनाले?’

‘मंग बदलला काहून?’

तिनं मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली. ‘सरळ बोलाची हिंमत होती का आपल्या घरात कोनाची? अब्बा किताबीचं आयकत. म्हटलं, किताबीच्या तोंडून आयकतीन.’ मग हसून म्हणाली, ‘कितीक दिवस तयारी केलती मी. पिंजारी घातला, त्याच्या हातानं नथ वापस केली. मायले जित्ती ठेवली. एवढी खटपट तं लिहिनाऱ्यानंही केली नसन.’

मीही एक काडी उचलली. मग विचारलं. ‘अब्बाले समजलं होतं का आपा?’

‘समजलं नसतं तं पिंजण थांबलं कायले?’

‘आन् मंग ते तसं बोलले?’

‘मंग काय बोलतीन ते?’ तिनं माझ्याकडे चश्म्यावरून बघितलं. ‘समोर रिकामं दुकान. रडतीन का पोरीसमोर? जे जमलं ते बोलले.’ पुढची काडी उचलत म्हणाली, ‘मी त्या दिवशी लय वेळ मोजून राह्यलती, कधी पुन्हा वाजते ते. लवकर नाही वाजलं. अब्बा थांबले, तेवढंच घेऊन मले इथं सासरी याचं होतं, घेऊन आली.’

आतून तिच्या सुनेनं चहा आणला. नातवानं पुस्तकावर हात मारला, आपानं ते पटकन उचलून मला दिलं. ‘घेऊन जाय, वाचनालयाचं हाय. दंड लागीन तुले.’

‘तुले नवी किताब आणून देऊ का?’

‘कायले? मले माझावाला शेवट पाठ हाय.’

एसटी सुटेपर्यंत ती फाट्यावर उभी होती. हायवेवर ट्रकांमागे ट्रक. मी खिडकीतून हात केला, तिनं ‘आत घे, आत घे’ म्हणून खूण केली, लहानपणी करायची तशीच. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. कुणी वेचत होतं, कुणी वेचत नव्हतं.

घरी आलो तेव्हा नसीम गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी तिच्या मागेमागे फिरत सगळं सांगितलं. आपाचे ओठ कसे हलले, पिंजण कसं थांबलं होतं, अब्बा का तसं बोलले. गोष्ट सांगताना माझे हात चालतात. दोनदा दोरीवरचे कपडे माझ्याच हातानं खाली पडले. या वेळी माझा आवाज ठरलेल्या जागी भरला नाही. भलत्याच जागी भरला. नसीमनं ओढणीनं डोळे पुसले, आणि खोटं कशाला बोलू, सांगणाऱ्याला त्याचंही थोडं बरं वाटतंच.

तिनं सनाच्या गणवेशाची घडी घातली. मग म्हणाली, ‘इतकी वर्षं तुम्ही आपाची गोष्ट सांगून राह्यले. आपाले काय शिकाचं होतं, ते विचारलं का कधी?’